भिंतीकडची पायपेटी

शनिवारी दुपारी आमी दोघं दारात बसून हरभऱ्याची भाजी खुडून राह्यलो होतो. कामरगावकडच्या आमच्या जुन्या शेजाऱ्यानं जीपवाल्याच्या हाती पिशवीभर धाडली होती. भाजी कोवळी, पानांची आंबट आंब लागून बोटं चिकट झालेली. सालोमीचे हात चालत होते ते ठीकच, पण तिचे पायबी चालत होते. एक खाली, एक वर. एक खाली, एक वर. मांडीवरची परात हालत होती अन् परातीतली भाजी काठाशी येऊन येऊन परत जात होती.

"काय वं, पाय थांबव ना," मी म्हटलं. "भाजी सांडीन."

"हवा भरून ठेवतो," ती म्हणे. "उद्या लागन."

सालोमी माझी बायको. कारंज्याच्या आमच्या देवळात पायपेटी वाजवत होती. देऊळ म्हणजे चर्च. आमच्यातले जुने लोक देऊळच म्हणतात. पायपेटी म्हणजे बुटक्या कपाटाएवढा लाकडी ऑर्गन. खाली दोन पायटे असतात, ते पायानं दाबत राहा लागते, तवा आवाज निघते अन् दोन्ही हात सुरांवर मोकळे राहतात. ज्याले हे ठाऊक नसन त्याच्यासाठी सांगतलं.

बसलेली सालोमी मी कमीच पाह्यली. चहा उभ्यानं पिणार. एसटी थांबायच्या आधी दाराशी जाऊन उभी राहणार, कंडक्टरच्या शिव्या खाणार. कोणाच्या घरी गेलो अन् त्यायनं म्हटलं, बसा ना बाई, की हिचं ठरलेलं, "बसून काय अंडे देऊ?" आमच्या लग्नाचा एकच फोटो आहे. त्यात मी साफ दिसतो. ती पुसल्यासारखी दिसते. फोटोवाल्यानं हालू नका म्हटलं अन् ही हालली.

एकाच ठिकाणी तिचं बूड टेके, पेटीसमोर.

आमचं गाव कामरगावच्या पलीकडं. मी मोटारपंप दुरुस्त करायचो. गावात ख्रिस्ती घरं थोडी, अन् देऊळ म्हणजे एक खोली, वर टिनं. तिथं सतरंजीवर बसून ती हातपेटी वाजवे. डाव्या हातानं भाता, उजव्या हातानं सूर. समोर लोक, तेबी सतरंजीवर, गुडघ्याले गुडघा लागन एवढे जवळ. ती पेटीकडं पाहतच नसे. लोकायच्या तोंडाकडं पाहे. पुढं रखमामावशी बसे, तिले दमा. तिचा श्वास ओळीच्या मधातच सरून जाय. तिथं सालोमी सूर धरून ठेवे, मावशीनं श्वास घेतला की पुढं जाय. असं करता करता सारं देऊळ मावशीच्या दमानं गायला शिकलं. पाहुणा आला की त्याले नवल वाटे, हे लोक मधातच काहून थांबतात.

मी एकदा म्हटलं, "अवं, गाणं असं नसते."

"गाणं लोकायचं हाये. मी फकत त्यायचा दम पायतो."

हा दम पाहण्याचा तिले नादच होता. नवीन माणूस भेटला की बोलणं कमी ऐके, श्वास कुठं घेतला ते पाहे. मंग घरी येऊन सांगे, "याचा दम चार शब्दाचा हाये. भांडनात टिकणार नाही." पोरीसाठी स्थळ पाहायले कारंज्याले गेलो, तवा पोराले मी शिक्षण विचारलं, वावर विचारलं. हिनं त्याले घरचा पत्ता विचारला. त्यानं सांगतला. बाहेर आल्यावर म्हणे, "पोट्ट्यानं सारा पत्ता एका दमात सांगतला. याच्या पोटात काई लपेल नाही." लग्न तिथंच ठरलं. जावई चांगला निघाला, ही गोष्ट खरी.

माझे गुडघे गेले अन् विहिरीत उतरणं बंद झालं, तवा पोरीनं आपल्या घराजवळच आमाले दोन खोल्या पाहून देल्ल्या. मागच्या ईस्टरनंतर आमी कारंज्याले आलो. इथलं देऊळ मोठं, बाकडेवालं, उंच टिनाचं. आत एका अंगाले भिंतीकडं तोंड करून ही पायपेटी उभी, वर चादर टाकलेली. ती मार्थाबाई वाजवत. त्या वारल्या तशी कोणी तिले हात लावला नव्हता. लोक आपले नुसत्या तोंडानं गात.

मार्थाबाई म्हणजे दाऊदमास्तरच्या मोठ्या बहीण. दाऊदमास्तर शाळेतून रिटायर झालेले, देवळाच्या पंचांत मुख्य. घंटा तेच वाजवत, किल्लीबी त्यायच्याजवळच. दोघं बहीणभाऊ बिनलग्नाचे, एका घरात जलम काढलेला. देवळातले लोक मार्थाबाईची आठवण काढत तर तोंडाची नाही, पाठीची काढत. काय पांढरंशुभ्र लुगडं, काय ताठ पाठ. तोंड भिंतीकडं राहे ना. पाठच दिसे.

पाळकसाहेब तरणे होते, नवेच आलेले. त्यायनं सालोमीले विचारलं, "बाई, तुमी वाजवता म्हणे?"

"हातानं वाजवतो. पायानं आजवर निरा चाललो."

"जमेल का?"

"हे तर पायपेटीले विचारा लागन."

दाऊदमास्तरनं चादर काढली. तिची नीट घडी केली, घडीवर हात फिरवला अन् म्हणाले, "वाजवा. पण जागची हालवू नका. साहेबाच्या काळापासून ते तिथंच हाये." साहेब म्हणजे देऊळ बांधणारे गोरे मिशनरी. त्यायच्या काळचं म्हटलं की आमच्यात कोणी पुढं विचारत नाही.

पहिल्या रविवारी जे झालं त्यावर लोक अजूनबी हासतात. जलमभर डाव्या हातानं भाता ओढलेला. आता भाता पायात गेला, हाताले काम उरलं नाही. पण हाताले हे कोण सांगणार? उजवा हात सुरांवर, पाय पायट्यांवर, अन् डावा हात बाजूले हवेत पंखा हालवल्यावानी आपला चालूच. मागच्या बाकड्यावर कोणी म्हणे, माशा झाल्या का तिकडं? एक म्हातारबा उठले अन् बाईले गरमी होते म्हणून त्यायनं पंखा लावून देल्ला. पंख्याच्या वाऱ्यानं तिच्या गाण्याच्या पुस्तकाचं पान उडालं. पान धरायले गेली तर पाय थांबले. मोटार बंद पडल्यावर पाइपातलं पाणी गडगडत खाली जाते ना, तसा आवाज करून पायपेटी बसली. लोक मधातल्या ओळीवर लटकले.

घरी आल्यावर तिनं डावा हात समोर धरला अन् त्याले बोलली, "जलमभर बैलावानी राबला. आता मालक केला तर कळत नाही तुले."

मंग त्या हाताले शिकवणं सुरू झालं. पायपेटीवर डाव्या हातानं जाड सूर धरा लागतात. हिच्या डाव्या हातानं कवा सूर पाह्यलेलाच नाही. ओट्यावर शिके, पत्र्याच्या डब्यावर शिके, पोरीच्या घरी गेली की नातवाच्या डोक्यावर शिके. माझी कंबर दुखे, रोज ती दाबून देई. आता मी पालथा पडलो की पाठीवर डाव्या हाताची बोटं नाचत.

"कंबर दाबतं का गाणं शिकतं?"

"दोन्ही होऊन राह्यलं. हालू नका, करंगळी चुकते."

"आई गं..."

"कण्हता तर सुरात कण्हा जरासे."

पावसाळ्यात आणिक एक झेंगट निघालं. कितीबी पाय मारा, पायपेटीले दम पुरेना. मी पायट्यांवरची फळी उघडून पाह्यली. आतला भाता उंदरानं खाल्लेला, कातडं सुकून तडकलेलं. आमच्या गल्लीत बशीरभाईचं सोफे अन् गाद्या शिवायचं दुकान. त्याले बोलावून आणलं. तो आत डोकं घालून म्हणे, "बाई, ये तो मेरे दादा के जमाने का फेफडा है." रेक्झिनचा तुकडा, फेविकोलचा डबा घेऊन तो अन् मी दोन दिवस बसलो. सालोमी मागं उभी, पाय हालवत. बशीरभाई हैराण झाला. "बाई, आप ज़रा बाहर टहल आओ, मेरे हाथ कांपते हैं." पुढं दर रविवारी तो दुकानातून ऐके अन् सोमवारी तिले सांगे, आज फेफडा मस्त चला, नाही तर, आज थोडी खांसी थी. तिले त्याचं म्हणणं पाळकसाहेबाच्या म्हणण्यापेक्षा खरं वाटे.

पोळ्यापर्यंत डावा हात बराच कामाले लागला. पायपेटी वाजे. गंभीर, भरून येणारा आवाज होता तो. हातपेटीले तसा कुठून येणार. मले वाटलं, बसली ही आता या जागी. पण ती काही बसली नव्हती. रविवारी घरी आली की चिडचिड. भांडे आदळे. चपला दारात सरळ लावे, मंग उचलून दुसरीकडं लावे.

"काय बिघडलं? चांगलं तर वाजवलं."

"मी चांगलं वाजवलं. ते चांगलं गायले. पन संगं नाही गायलो आमी."

खरंच होतं. लोक तिच्या पाठीमागं. दिसत नाहीत. उंच टिनाखाली आवाज फिरून फिरून उशिरा तिच्या कानापर्यंत येई. तिले वाटे लोक मागं राह्यले, ती थांबे. ती थांबली की लोक म्हणत, ही काहून थांबली, अन् तेबी थांबत. रखमामावशी असती तर तोंड पाहून कळलं असतं. इथं भिंत.

एका रविवारी पाळकसाहेबानं शेवटचं कडवं सोडून द्यायची हातानं खूण केली. लोक खाली बसले. हिले कसं दिसणार? ही वाजवतच राह्यली, पूर्ण जोरानं, दोन्ही हात, दोन्ही पाय. सारं देऊळ चूप बसून पाहून राह्यलं. बोलायची कोणाची हिंमत होईना. पाळकसाहेब पुस्तकात तोंड घालून उभे. शेवटी मी उठलो, जाऊन तिच्या खांद्याले हात लावला.

"बसले लोक."

"कवाचे?"

सारं देऊळ हासलं. तीबी हासली. पण घरी येताना रस्त्यात थांबली अन् म्हणे, "मी कडवंभर भिंतीपुढं वाजवलं अन् मले समजलंबी नाही."

त्याच आठवड्यात माझी जुनी गाडी भंगारात द्यायची होती. मी तिचा आरसा काढून पायपेटीच्या वरच्या फळीले पक्का बसवून देल्ला. मागचं सारं दिसे. मले वाटलं, काम झालं. रविवारी पुढच्या बाकड्यावरची एक बाई उपासना झाल्यावर म्हणे, "सालोमीबाई, देवळात आरसा पाहून वाजवता का?"

"हाव ना. तुयंच तोंड पायतो. गात नसली की दिसते मले."

त्या बाईनं पुढच्या रविवारपासून मोठ्यानं गायला घेतलं. पण आरसा टिकला नाही. पायटे मारले की सारी पेटी हाले, पेटी हालली की आरसा हाले, अन् आरशातले लोक बोटाएवढाले होऊन नाचत. पाळकसाहेब प्रार्थनेचं गीत गाताना टुणटुण उड्या मारताना दिसले तशी ही फसकन हासली. सूर चुकला. महिन्याभरात तिनंच आरसा काढला.

"लहान दिसतात लोक," ती म्हणे. "लहान लोकायचा दम दिसत नाही."

मंग तिनं पंचांले सांगतलं, पायपेटी फिरवा. भिंतीकडून लोकायकडं. मी वाजवीन अन् समोर पाहीन. बाकी पंचांनी दाऊदमास्तरकडं पाह्यलं. दाऊदमास्तर म्हणाले, "साहेबाच्या काळापासून ते तिथंच हाये." संपलं. दुसऱ्यांदा विचारलं. तेच. तिसऱ्यांदा विचारलं तर मास्तर उठून घंटा वाजवायले गेले, घंटेची वेळ नसताना.

नाताळात देऊळ दाराबाहेरपर्यंत भरलं. पुण्याचे, नागपूरचे पोरं सुट्टीले आले. ते शहरी चालीनं जोरात गायला लागले, जुने लोक आपल्या चालीनं, अन् पायपेटी तिसरीकडं. ही मागं वळून पाहे तर हात चुके, हात पाहे तर लोक पळून जात. दुसऱ्या गीताच्या मधात तिनं दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले. पाय थांबवले. लोक आपले गात राह्यले, शेवटपर्यंत गायले. त्यायले तिची गरज पडली नाही. हे तिनं पाठीनं ऐकलं.

बाहेर केक वाटला जात होता. पुण्याहून आलेला एक पोट्टा पाळकसाहेबाले म्हणे, "सर, ईस्टरले मी माझा कीबोर्ड आणून देतो. बटन दाबलं की ताल बी येते. बाईलेबी आराम होईन." पोराचं मन वाईट नव्हतं. पाळकसाहेबानं हिच्याकडं पाह्यलं अन् म्हटलं, "ईस्टरपर्यंत बाई वाजवतील. नंतर पाहू."

त्या 'पाहू'नं तिची झोप गेली. खाटेची जागा बदलली, कपाटाची बदलली. स्वयंपाकघरातले डबे या फळीवरून त्या फळीवर. मी म्हटलं, "एवढं काय लागलं तुले? नाही वाजवलं तर नाही वाजवलं."

"तुमी पंप सोडला तवा गुडघ्यानं सोडवला," ती म्हणे. "मले तर अजून कोनी सोडवलं नाही. लोक मले भेटलेच नाहीत इथले. भेटू द्या एकदा. मंग आणू द्या कीबोर्ड."

मंग एक दिवस पदर खोचून निघाली ते सरळ दाऊदमास्तरच्या घरी. मी मागं मागं. मास्तर एकटे, चहा त्यायनंच केला. बसा ना बाई, म्हणाले. अन् काय सांगू, ती बसली. खुर्चीत, पाठ टेकवून. मीच घाबरलो.

"मास्तर," ती म्हणे, "एक विचारू? मार्थाबाईले त्या भिंतीत काय दिसे?"

मास्तरनं कप खाली ठेवला. "काही नाही."

"मलेबी काही दिसत नाही. म्हनून तर म्हनतो..."

"तसं नाही बाई. तिले दिसतच नव्हतं." मास्तर आमच्याकडं न पाहता बोलून राह्यले होते. "डोळे गेले होते. बरीच वर्षं. लोकायले आमी सांगतलं नाही. तिले आंधळी बाई म्हणून कोणी हाताले धरून न्यावं हे चालणार नव्हतं. गीतं सारी पाठ. फकत दारापासून पेटीपर्यंत जायचा प्रश्न होता. भिंतीले बोटं लावत लावत जाय. सरळ चाले, ताठ. कोणाले शंका येत नसे."

"अन् पेटी?"

"पेटी आधी मधातच होती. लोकायकडं तोंड करून. मीच भिंतीले लावून देल्ली, तिले सापडावी म्हणून. कोणी विचारलं तर सांगतलं, साहेबाच्या काळी अशीच होती. जुने लोक गेले. नव्यायनं खरं मानलं." मास्तर जरासे हासले. "आता तर मलेबी कवा कवा खरं वाटते."

मी सालोमीच्या पायाकडं पाह्यलं. थांबलेले होते.

तिनं उरलेला चहा संपवला. मंग म्हणे, "त्यायले भिंत लागे, मास्तर. मले माणसं लागतात."

मास्तर उठले, कप आत नेऊन ठेवले, पाण्याखाली धुतलेबी. आमाले वाटलं, झालं, आता घंटा वाजवायले जातात. बाहेर येऊन म्हणाले, "रविवारी लवकर या. लोक यायच्या आधी फिरवून टाकू. एकदा फिरली की कोणी काही म्हणत बसणार नाही. विचारलं तर सांगू, साहेबाच्या काळी अशीच होती."

"खरंच तर हाये," ती म्हणे.

रस्त्यानं येताना माझे गुडघे मागं अन् ती पुढं. बशीरभाईच्या दुकानापाशी थांबून त्याले ओरडून सांगतलं, "भाईजान, रविवारी ऐका." तो म्हणे, "क्या नया है?" ही म्हणे, "मी नवी हाये."

त्या आठवड्यात तिनं एक सूरबी वाजवला नाही. नुसत्या लोकायच्या गोष्टी. पुढच्या बाकड्यावरची ती बाई श्वास कुठं घेत असन, पाळकसाहेब कुठं, दारापाशी बसणारा तो म्हातारा गाते का नुसता तोंड हालवते. "आता सारं समजन," म्हणे. शनिवारी भाजी खुडताना जे पाय हालून राह्यले होते, ते यासाठी.

भाजी खुडून झाली. तिनं परात आत नेली, हात धुतले. मले म्हणे, "जरा टेकतो." दुपारची ती कवा आडवी झालेली मी पाह्यली नव्हती. मले बरं वाटलं, म्हटलं, थकली असन, पडू द्या. चहाच्या वेळेले पोरगी आली अन् आईले उठवायले गेली. तिनं मले हाक मारली, त्यावरून मी समजलो. डाक्तर म्हणे, झोपेतच हृदय थांबलं, काही कळलं नसन. पाळकसाहेब येऊन गेले. तिचा भाऊ वाशीमहून यायचा होता, म्हणून माती दुसऱ्या दिवशी दुपारी ठरली.

सकाळी घर बायांनी भरून गेलं होतं. मी सदरा घातला, काठी घेतली.

"बाबा, कुठं निघाले?" पोरगी म्हणे.

"देवळात."

"आज?"

"आजच. मास्तरनं बोलावलं हाये."

बायांनी एकमेकींकडं पाह्यलं. पोरीनं खांद्यावर शाल टाकून देल्ली.

दाऊदमास्तर देवळाच्या पायरीवर बसले होते. दार उघडलेलं होतं.

"मले वाटलं, तुमी येत नाही," ते म्हणाले.

"मले वाटलं, तुमी उघडत नाही."

आत गेलो. मास्तर पायपेटीपाशी उभे राह्यले. "आता कोण वाजवन?"

"मले नाही ठाऊक. धरा तिकडून."

दोन म्हातारे. माझे गुडघे असे, त्यायची छाती तशी. चाकं गंजून बसलेली. फरशीवर खरडत खरडत, बोटभर इकडं, बोटभर तिकडं. मधात मास्तर बाकड्यावर बसून धापा टाकत राह्यले, मी काठी टेकून उभा. पुन्हा धरलं. पुरी फिरली तवा मागची भिंत उघडी पडली, जुन्या पिवळ्या रंगाची, चुना न लागलेली. मास्तरनं तिथं तळहात टेकवला अन् ठेवला. मी दुसरीकडं पाह्यलं.

मंग स्टूल ओढून जागेवर लावलं. गुडघे उभे राहू देत नव्हते म्हणून मीच त्यावर बसलो. तिथून सारं दिसे. सारे बाकडे, पहिल्यापासून शेवटपर्यंत. दार, दाराबाहेरचा रस्ता, रस्त्यावरून येणारे लोक. पुढच्या बाकड्यावर कोणी बसलं तर त्याच्या गळ्याचं हाडबी दिसावं, एवढं जवळ.

मास्तर घंटेकडं गेले. मी उठलो. फाटकात पाळकसाहेब भेटले, मले पाहून थबकले.

"आत जाऊन पाहा," मी म्हटलं. "अन् मास्तरले काही विचारू नका."

भराभर घरी आलो, जेवढं गुडघ्यानं होते तेवढं. बायांले म्हटलं, सरका जराशा. खाली बसता येत नव्हतं. पोरीनं बगलेत हात घातला, तसा बसलो, अन् सालोमीच्या कानाशी वाकून सांगतलं, "फिरवली वं."